बर्फावर पाय देऊ नये

घराला रंग द्यायचा होता, बाकी काही नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण मध्येच थांबवून विचारतो की मुळात ह्या माणसाला हवं तरी काय होतं? तर त्याला रंग हवा होता. पांढरा.

ऑर्व्हिल टटल हा लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या मॉन्टेरोझा गावच्या पाणीखात्यात वरिष्ठ कारकून होता. पाणी वाया घालवणाऱ्या नागरिकांना नोटिसा पाठवणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करी. त्याला एकुलती एक मुलगी, लोइस. तिचं लग्न जूनच्या शेवटच्या शनिवारी ठरलेलं, आणि लग्न झालं की ती नवऱ्याबरोबर टोलेडोला जाणार. टोलेडो म्हणजे आगगाडीत बसून कंटाळा आला, झोप काढली, उठून पुन्हा कंटाळा आला, तरी यायचं नाही इतकं लांब. ऑर्व्हिलनं आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. एवढंच होतं मनात की लग्नाच्या दिवशी लोइसचा हात धरून घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडावं, पायऱ्या उतराव्या, विटांच्या वाटेनं फाटकाजवळच्या जकारंडापर्यंत चालत जावं. जून महिन्यात ते झाड जांभळ्या फुलांनी भरून जातं. त्याखाली पाद्रीबाबा उभे असावेत, आणि हे सगळं शेजारच्या गुस्ताफसननं बघावं. त्यासाठी घर जरा नीटनेटकं दिसायला हवं. म्हणून रंग.

"रंगाऱ्याला कशाला बोलावता?" गुस्ताफसन कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "सिनेमावाल्यांना बोलवा. माझ्या मेव्हणीचं घर त्यांनी फुकट रंगवून दिलं. वर नवं कुंपण. दोन दिवस येतात, फिल्म काढतात, टोपी उचलून नमस्कार करतात नि जातात."

गुस्ताफसनच्या सल्ल्याचा एक गुण होता. देताना तो अगदी बरोबर वाटायचा.

स्टुडिओतर्फे बिक्स्बी नावाचा एक हसतमुख माणूस आला. त्यानं बोटांची चौकट करून घराकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "वा! काय घरगुती घर आहे हो तुमचं!" सिनेमा नाताळचा होता. एक खोडकर मुलगा आईबापांवर रुसून नाताळच्या आदल्या दिवशी पळून जातो आणि शेवटी बर्फातून धावत घरी परत येतो, अशी गोष्ट. मुलाचं काम कोण करणार म्हणून व्हर्नानं, म्हणजे ऑर्व्हिलच्या बायकोनं, विचारलं. बिक्स्बी म्हणाला, "पिप ॲडेअर." व्हर्ना मटकन खुर्चीत बसली. पिपचा एकही सिनेमा तिनं चुकवला नव्हता, आणि एकाही सिनेमातून ती कोरड्या रुमालानं बाहेर आली नव्हती.

करारावर सही करायला बिक्स्बी दुसऱ्या दिवशी पिपलाच घेऊन आला. कुरळे केस, गालाला खळी, पुढच्या दोन दातांत फट. त्यानं ऑर्व्हिलचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. ऑर्व्हिलनं दुसऱ्या हातानं सही केली. जन्मभर लोकांना "नोटिशीतली बारीक अक्षरं वाचत चला" म्हणून झापणाऱ्या ह्या माणसानं कराराचा एक शब्दही वाचला नाही. वाचला असता तर 'चित्रीकरण सर्वस्वी पूर्ण होईपर्यंत घराचा दर्शनी भाग आहे त्या स्थितीत ठेवण्यात येईल' हे वाक्य त्याला दिसलं असतं.

एप्रिलमध्ये रंगारी आले. संध्याकाळी ऑर्व्हिल कामावरून परतला आणि आपलं घर ओलांडून पुढे निघून गेला. मग मागे आला. घराचा रंग गुरांच्या शिळ्या आंबोणीसारखा झाला होता, धड गुलाबी नाही, धड पिवळा नाही.

"मी पांढरा सांगितला होता," तो रंगाऱ्याला म्हणाला.

"पांढराच आहे साहेब. कॅमेऱ्याला पांढरा. खरा पांढरा लावला तर पडद्यावर नुसता भगभगीत उजेड दिसतो. ह्या रंगाचं घर पडद्यावर असं शुभ्र दिसेल की तुम्ही बघत राहाल."

"अहो, पण मी पडद्यावर राहत नाही!"

"ते स्टुडिओला विचारा," रंगारी म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. रंग फक्त पुढच्या भिंतीला लागला होता. दोन्ही कोपऱ्यांवरून तो वीतभर वळला होता आणि जिथून पुढे कॅमेऱ्याला दिसणार नव्हतं तिथे एखाद्यानं अर्धवट दाढी सोडून उठावं तसा थांबला होता.

सुतारांनी छपरावर प्लायवूडचं धुराडं बसवलं, कारण सांताक्लॉजला यायला वाट हवी. धुराडं दिसताच नगरपालिकेचा इमारत निरीक्षक आला. विनापरवाना धुराडं म्हणजे गुन्हा. ऑर्व्हिलनं समजावलं की ते खोटं आहे. निरीक्षकानं टकटक करून पाहिलं आणि अधिकच गंभीर झाला. खऱ्या धुराड्यासाठी परवाना मिळतो, खोट्यासाठी मिळत नाही. तेव्हा एकतर ते पाडा, नाहीतर त्याखाली चूल बांधून ते खरं करा. बिक्स्बी म्हणाला, पाडलंत तर करार मोडला. निरीक्षक म्हणाला, ठेवलंत तर कायदा मोडला. ऑर्व्हिलनं व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्ना पिपला सँडविच करून देत होती.

मग बर्फ आला. खोकीच्या खोकी भरून कॉर्नफ्लेक्स, पांढऱ्या रंगात बुडवून वाळवलेले. हिरवळीवर, पायऱ्यांवर, वाटेवर त्यांचा घोट्याएवढा थर दिला. दिसायला इतका हुबेहूब की समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हातारीनं कोटाची कॉलर वर केली. चालल्यावर मात्र पापड मोडल्यासारखा कुर्रकुर्र आवाज व्हायचा, त्यामुळे नटांचं एक अक्षर ऐकू येत नसे. हा बर्फ ज्यांना मनापासून आवडला अशा फक्त गुस्ताफसनच्या कोंबड्या. त्या कुंपणाखालून आल्या आणि नाताळ खाऊ लागल्या. दिग्दर्शक केसेलसाहेब कर्ण्यातून ओरडले, "कोंबड्या काढा!" गुस्ताफसन कुंपणावरून ओरडला, "रंग खाऊन मेल्या तर कोण भरून देणार?" मेली एकही नाही. उलट त्या आठवड्यात त्यांनी अंडी इतकी घातली की पुढे तो स्टुडिओलाच विचारायला गेला, हा बर्फ किरकोळीत मिळतो का.

पिपबरोबर त्याची मास्तरीण होती, मिस थॉर्नक्विस्ट. लहान मुलांच्या कामाचे आणि अभ्यासाचे तास कायद्यानं ठरलेले, आणि तो कायदा म्हणजे मिस थॉर्नक्विस्टच्या गळ्यातलं घड्याळ. तिनं ऑर्व्हिलची जेवणाची खोली शाळेसाठी ताब्यात घेतली. त्यामुळे टटल कुटुंब उभ्यानं, स्वयंपाकघरात, कुजबुजत जेवू लागलं, कारण पलीकडे अपूर्णांक चालू असत. स्टुडिओच्या म्हणण्यानुसार पिप सात वर्षांचा होता. सातव्या वाढदिवसाचा केक त्यानं तीनदा कापल्याचं पुढे त्यानंच ऑर्व्हिलला सांगितलं. तोंडानं सात, हिशेबात नऊ, आणि बोलण्यात चांगला पंचावन्न.

"दोन दिवसांत संपेल ना रे हे सगळं?" ऑर्व्हिलनं त्याला विचारलं होतं.

"मिस्टर टटल," पिप म्हणाला, "इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे मी. संपलं असं फक्त नवीन माणसं म्हणतात."

आठवड्यानं संपलं. गाड्या भरल्या गेल्या. बर्फ धुऊन काढायला माणसांनी रबरी नळ्या सोडल्या आणि दुपारभर गावाचं पाणी ऑर्व्हिलच्या अंगणातून गटारात वाहत राहिलं. ऑर्व्हिलला ते पाहवेना. तो डोळे मिटून पोर्चवर बसला. नळ्या बंद झाल्यावर उठून त्यानं पोर्चच्या टेबलावरची सिनेमातली अर्धी कापलेली ॲपल पाय उचलली. ती फेकणार तोच बिक्स्बीनं किंकाळी फोडली.

"हात लावू नका! सेट गरम आहे!"

गरम म्हणजे काय, ते ऑर्व्हिलला तेव्हा कळलं. सिनेमा आधी कुठल्यातरी लहान गावात लोकांना दाखवतात. लोक जिथं हसायला हवेत तिथं हसले नाहीत, तर तो भाग पुन्हा काढायचा. पुन्हा काढायचा तर सगळं होतं तसंच हवं. म्हणून तोवर सेट 'गरम'. खुर्ची हलवायची नाही, पडदा सरकवायचा नाही, दार उघडायचं नाही. दाराला लावलेला सदाहरित फांद्यांचा हार तसाच राहील. आणि ती ॲपल पायही तशीच राहील. ती लाखेनं रंगवलेली असल्यामुळे नासणार नाही, मुंग्याही लागणार नाहीत. बिक्स्बीनं पायरीला आडवा दोर बांधला, त्यावर पाटी लटकावली आणि हसतमुखानं टोपी उचलून निघून गेला.

"टोपी उचलली बघा," गुस्ताफसन म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

त्या दिवसापासून टटल कुटुंब मागच्या दारानं जाऊ-येऊ लागलं. कचऱ्याच्या पिंपांना वळसा घालून, कपडे धुवायच्या खोलीतून, ओल्या चादरी बाजूला सारत. पोस्टमन यायचा तिथून, पाद्रीबाबा आले तिथून. ऑर्व्हिलच्या साहेबांची बायको आली ती चादरीत गुरफटली आणि चहा न घेताच गेली. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरताना ऑर्व्हिलला आधी लाज वाटे, मग राग येई, मग त्याची सवय झाली. सवय झाली हे लक्षात आलं तेव्हा त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मे महिन्यात त्याच्या टेबलावर एक तक्रार आली. अमुक तारखेला अमुक रस्त्यावर दुपारभर नळ्या सोडून पाण्याची बेसुमार नासाडी झाली. ऑर्व्हिलनं पत्ता पुन्हा वाचला. पत्ता त्याचा होता, आणि तक्रारीतलं आडवंतिडवं अक्षर त्यानं शेजारून येणाऱ्या अंड्यांच्या पिशवीवर अनेकदा पाहिलं होतं. त्यानं नियमाप्रमाणे श्री. ऑर्व्हिल टटल यांना कडक नोटीस काढली, घरी गेल्यावर ती सही करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर रांगेत उभा राहून आपलीच रिकामी खुर्ची बघत राहिला. शेवटी साहेबांनी पाहिलं.

"काय चाललंय टटल?"

"खुलासा द्यायला आलोय साहेब."

"मग आत जाऊन घ्या की."

तो आत गेला, खुलासा वाचला, आणि तो समाधानकारक नसल्याचा शेरा त्याला मारावा लागला. खोटं लिहिणं त्याला जमत नसे.

जून उजाडला. जकारंडा असा फुलला की तसा पूर्वी फुलला नव्हता. लोइस रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन झाडाखाली उभी राही. "पपा, घराचा रंग असू दे कसाही," ती म्हणे. "हे झाड आहे ना! आणि तुम्ही. मला दुसरं काही नको." ऑर्व्हिल मान हलवी. त्यानं स्टुडिओला पाच-सहा वेळा फोन केला होता आणि प्रत्येक वेळी एका गोड आवाजानं त्याला सांगितलं होतं की मिस्टर बिक्स्बी आताच बाहेर पडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी बिक्स्बी स्वतः आला, गाड्यांसकट. लोकांना सिनेमा दाखवला होता. सगळीकडे हसले. फक्त शेवटी रडायला हवं होतं तिथंही हसले, कारण बापाचं काम करणाऱ्या नटाची मिशी पोराला कवटाळताना एका बाजूनं सुटली होती. तेव्हा शेवट पुन्हा. उद्याच. कारण पिपचा पुढचा दात हलतोय आणि रविवारपर्यंत टिकत नाही.

"उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे!"

"अभिनंदन!" बिक्स्बी म्हणाला आणि मनापासून हात मिळवला.

दुपारी झाडाला शिड्या लागल्या. एप्रिलमध्ये जकारंडाला फूल नव्हतं, तेव्हा आताही असता कामा नये. माणसं एकेक जांभळं फूल खुडून पोत्यात भरू लागली. लोइस खिडकीत उभी राहून बघत होती. शेवटी तिनं पडदा ओढायला हात वर केला आणि खालून कुणीतरी ओरडलं, "पडद्याला हात लावू नका!"

ह्याच मुहूर्तावर टोलेडोहून वराकडची मंडळी आली. नवरामुलगा रेमंड, त्याची आई मिसेस प्रुइट आणि एक जाडजूड काका. टॅक्सीतून उतरून मिसेस प्रुइटनी पाहिलं ते असं. भर उन्हाळ्यात दाराला नाताळचा हार, छपरावर सांताक्लॉजचं धुराडं, अंगणात बर्फ ओतणारी घामाघूम माणसं, आणि व्याही कचऱ्याच्या पिंपामागून हात जोडून येतोय.

"रेमंड," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या घराण्यात हे पूर्वीपासून आहे का?"

लग्नाच्या सकाळी ऑर्व्हिल केसेलसाहेबांकडे गेला. हॅट हातात घेऊन. त्यानं विनंती केली की दुपारी दोन वाजता, फक्त दोन मिनिटं, मला माझ्या मुलीला पुढच्या दारानं बाहेर न्यायचंय. केसेलसाहेबांनी त्याला वाट दाखवली. दारापासून फाटकापर्यंत कोरा, शुभ्र, न मोडलेला बर्फ.

"ह्यावरून पोरगा धावत येणार. त्याआधी एक पाऊल उमटलं तर सगळं मुसळ केरात. खोक्यांत मूठभर बर्फ उरलेला नाही आणि रंगवणारा कारखाना आज बंद. लग्न लावा हो तुम्ही, खुशाल लावा. फाटकाबाहेर जागा आहे की. नवरी मागून आणा."

मागून म्हणजे कपडे धुवायच्या खोलीतून, पिंपांवरून, गुस्ताफसनच्या खुराड्यातून, त्याच्या फाटकातून रस्त्यावर. गुस्ताफसननं उदार मनानं कोंबड्या एका बाजूला हाकलून ठेवायचं कबूल केलं. वाटेशी नवी पाटी लागली. बर्फावर पाय देऊ नये. जन्मभर अशाच पाट्या लावत आलेला ऑर्व्हिल ती वाचून निमूटपणे मागे वळला.

दोनला थोडा वेळ होता. काळा सूट घालून तो धुण्याच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसला होता. पलीकडे वर लोइस तयार होत होती. जन्मात एक गोष्ट मागितली आणि तीही आपल्याला नीट मागता आली नाही, असं त्याच्या मनात घोळत होतं. इतक्यात चादर बाजूला सारून पिप आला. लोकरी कोट, मफलर, कानटोपी. घामानं थबथबलेला. तो दुसऱ्या बादलीवर बसला आणि जिभेनं दात हलवू लागला.

"साहेबांना विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"तिथंच चुकलं तुमचं. विचारायचं नसतं. विचारलं की मोठी माणसं विचार करायला बसतात, आणि विचार केला की नाहीच म्हणतात."

"मग तू काय करतोस?"

"करून टाकतो. मग रडतो."

"एका डोळ्यानं?" पिप एका डोळ्यानं रडू शकतो असं व्हर्नानं कुठल्याशा मासिकात वाचलेलं त्याला आठवलं.

"एका डोळ्यानं क्लोजअपला. एरवी दोन्ही."

ऑर्व्हिल उदास हसला. "मला नाही रे रडता येत."

पिपनं त्याच्याकडे नीट पाहिलं, जाणकार माणूस पाहतो तसं. "येईल," तो म्हणाला. "आज येईल तुम्हाला."

वरून लोइस उतरली. आईचा जुना लेसचा झगा तिनं आधीच मुठीत वर धरला होता, पिंपांना लागू नये म्हणून. ते पाहून ऑर्व्हिल बादलीवरून उठला. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि मागच्या दाराकडे वळायच्या ऐवजी तो दिवाणखान्यातून सरळ पुढे निघाला.

"पपा? पपा, हे पुढचं दार आहे."

"माहीत आहे मला. माझंच आहे."

त्यानं कडी काढली. दार कुरकुरलं, हार हलला. बाहेर दिव्यांच्या झोतात वाट लखलखत होती. फाटकाबाहेर पाहुणे, पाद्रीबाबा, रुमाल तोंडाशी धरलेली व्हर्ना. गुस्ताफसन कुंपणावर. ऑर्व्हिलनं दोर ओलांडला, लोइसला ओलांडायला लावला, पायऱ्या उतरला आणि बर्फावर पाय ठेवला.

कुर्र.

"कट्!" कर्णा गरजला. "कोण आहे तो? कॅमेरा चालू पण नाही आणि... अहो! अहो काळा सूट! मागे व्हा!"

"पपा, बर्फ!" लोइस पुटपुटली.

"कॉर्नफ्लेक्स आहेत," ऑर्व्हिल समोर बघत म्हणाला. "न्याहारीला खातात. चल."

आणि ते दोघं चालले. कुर्र, कुर्र, कुर्र. कर्णा ओरडत होता, बिक्स्बी डोकं धरून खाली बसला होता, निरीक्षक कोपऱ्यावर येऊन धुराड्याकडे बघत होता, आणि ऑर्व्हिल टटल आपल्या मुलीला घेऊन आंबोणीच्या रंगाच्या घरातून फुलं खुडलेल्या जकारंडाकडे, जूनच्या उन्हात बर्फावरून चालला होता. अर्ध्या वाटेवर त्याला समोरचं दिसेनासं झालं. पिप म्हणाला होता तसंच. दोन्ही डोळ्यांनी.

फाटकाशी येऊन गुस्ताफसननं अचानक कालचं पोतं उघडलं आणि खुडलेली जांभळी फुलं मूठ-मूठ उधळायला सुरुवात केली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सल्ला न देता त्यानं केलेली ही पहिलीच गोष्ट.

लग्न लागलं. टोलेडोच्या काकांनी मागच्या दारानं पोर्चवर जाऊन ॲपल पाय खाल्ली. एक मोठा तुकडा त्यांनी चावून गिळला आणि इकडच्या बायका कवच जरा कडक करतात, एवढंच म्हणाले. मिसेस प्रुइट रडून लाल झाल्या होत्या आणि असं सुंदर लग्न पाहिलं नाही म्हणत होत्या.

इकडे केसेलसाहेब तुडवलेल्या वाटेपाशी बसून होते. मिस थॉर्नक्विस्टनं घड्याळ पाहून सांगितलं की मुलाची वीस मिनिटं उरली आहेत. तेव्हा पिप त्यांच्याजवळ गेला आणि बोबड्या, सात वर्षांच्या आवाजात म्हणाला, "साहेब, पोरगा पळून गेला तर आईबाप त्याला शोधायला बाहेर पडले असतील ना? मग पावलं नकोत का?"

केसेलसाहेब ताडकन उठले. "पावलं राहू देत!" ते ओरडले. "मला हीच पावलं हवी होती!"

आठवडाभरानं धुराडं उतरलं. रंग काही बदलला नाही. स्टुडिओनं टोपी उचलली होती. लोइसची पत्रं येत. टोलेडोत ऑक्टोबरातच बर्फ पडला, खरा, आणि तो अजिबात कुरकुरत नाही, असं तिनं लिहिलं होतं. नाताळला ती येणार होती, पण रेमंडला रजा मिळाली नाही.

म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी ऑर्व्हिल आणि व्हर्ना दोघंच सिनेमाला गेले. सिनेमाभर लोक हसत होते. ऑर्व्हिल घराची वाट बघत होता. ते आलं अगदी शेवटी. रंगारी खोटं बोलला नव्हता. घर शुभ्र होतं, इतकं शुभ्र की ऑर्व्हिल बघत राहिला. पिप फाटकातून धावत आला, वाटेवरून, पायऱ्यांवरून, दार उघडलं, बापानं त्याला उचललं. मिशी जागेवर होती. सगळं थिएटर मुसमुसू लागलं. व्हर्नाचा रुमाल केव्हाच भिजला होता.

ऑर्व्हिल मात्र वाटेकडे बघत होता. बर्फात दोन माणसांची पावलं होती, एक मोठी, एक लहान, शेजारी शेजारी. दोन्ही दाराकडून फाटकाकडे गेलेली. पिपची सोडली तर परत आलेली एकही नव्हती. हे त्या एवढ्या माणसांत आणखी कुणाला दिसलं असेल असं त्याला वाटलं नाही.

दोघं घरी आले. फाटकातून शिरले, पिंपांना वळसा घातला, आणि मागच्या दारापाशी किल्ली काढताना व्हर्ना थबकली.

"ऑर्व्हिल, आपण इकडून का जातोय? पुढचं दार मोकळं आहे की आता."

"असू दे," ऑर्व्हिल म्हणाला. "उगाच पावलं मोडतील."